यादीत नाव लागले म्हणून चालू गोळी थांबवू नका

प्रश्न : माझे वय ५४ असून मला १२ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या घेते. गेल्या तपासणीत एचबीए१सी ८.६ आले, वजन ८६ किलो आहे. आठवड्यातून एकदा घ्यायचे टिर्झेपटाइडचे इंजेक्शन आमच्याकडे नुकतेच उपलब्ध झाले असून डॉक्टरांकडे त्याची इतकी विचारणा होते, की त्यांच्या स्वागतिकेने नावांची यादीच केली आहे. माझ्या जाऊबाईंना मधुमेह नाही. त्यांनी ते वजनासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडून सुरू केले आणि चार महिन्यांत नऊ किलो उतरले. मी विचारले तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, ‘आधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून या, मग पाहू.’ मला ही टाळाटाळ वाटते. इंजेक्शन सुरू झाले की ग्लिमेपिराइड कमी करतात, असे ऐकल्यामुळे ती गोळी मी तीन आठवड्यांपूर्वीच थांबवली आहे. भाचा इंटरनेटवरून इंजेक्शन मागवून देतो म्हणतो. जाऊबाई आपल्या पेनमधले दोन डोस द्यायला तयार आहेत. मी डॉक्टर बदलावे, की हा गाजावाजा ओसरेपर्यंत थांबावे?

उत्तर : सर्वप्रथम ग्लिमेपिराइडविषयी लिहितो, कारण तुमच्या पत्रातील बाकीचे सगळे मुद्दे दोन-चार आठवडे थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. दोन्ही गोळ्या चालू असताना तुमचे एचबीए१सी ८.६ होते, म्हणजे आधीच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी डेसिलिटरला सुमारे २०० मिलिग्रॅम. त्यातली एक गोळी गेल्यावर ती आणखी वर सरकली असणार, आणि साखर सावकाश चढते तेव्हा फारसे काही जाणवत नाही, म्हणून तीन आठवड्यांत काही त्रास झाला नसेल तरी त्यावर विसंबू नका. उद्या सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा, ते आकडे घेऊन डॉक्टरांना फोन करा, गोळी स्वतःहून थांबवल्याचे मोकळेपणाने सांगा आणि ती कोणत्या मात्रेने पुन्हा सुरू करायची ते विचारून घ्या. तहान आणि लघवी वाढली असेल, अंगात त्राण उरले नसेल किंवा आकडे ३०० च्या पुढे गेले असतील, तर फोनवर न भागवता त्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवा.

तुम्ही जे ऐकले ते खरे आहे, पण त्यातला क्रम उलटा झाला. ग्लिमेपिराइड रक्तात साखर किती आहे याची फारशी दखल न घेता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. टिर्झेपटाइड हे जीआयपी आणि जीएलपी-१ या आतड्यातील दोन संप्रेरकांसारखे काम करते; त्याच्यामुळे वाढणारे इन्सुलिन मुख्यतः साखर चढलेली असतानाच वाढते, आणि म्हणून ते एकटे किंवा मेटफॉर्मिनसोबत घेतले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची शक्यता कमी असते. ग्लिमेपिराइड आणि हे इंजेक्शन एकत्र आले आणि त्यात भूकही मंदावली, की साखर फार खाली जाऊ शकते. त्यामुळे इंजेक्शन सुरू करताना डॉक्टर बहुधा या गोळीची मात्रा घटवतात, कधी ती बंदही करतात. हा निर्णय इंजेक्शन हातात आल्यावरचा आहे. ते अजून यादीत असताना गोळी सोडण्याला कोणताही आधार नाही. नव्या औषधाची चर्चा जोरात असते तेव्हा येणाऱ्या औषधाच्या भरवशावर चालू उपचार ढिले पडतात, आणि माझ्या मते पहिल्या गर्दीतले खरे नुकसान हेच असते. औषध उशिरा मिळाल्याने होणारे नुकसान त्यामानाने किरकोळ.

आता डोळ्यांच्या तपासणीकडे वळतो. तुमच्या डॉक्टरांनी ती मागितली, यावरून मला त्यांच्याविषयी भरवसा वाटला. बारा वर्षांच्या मधुमेहानंतर डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत बदल झालेले असण्याची शक्यता बरीच असते, आणि वाचताना, गाडी चालवताना नजर अगदी स्वच्छ असली तरी ते असू शकतात. बराच काळ चढी राहिलेली साखर थोड्या महिन्यांत झपाट्याने खाली आणली, तर आधीपासून असलेला पडद्याचा विकार काही जणांमध्ये सुरुवातीला बळावतो. ऐकायला हे विचित्र वाटते, पण नव्या इंजेक्शनांच्या कितीतरी आधीपासून ते ठाऊक आहे. टाइप १ मधुमेहात काटेकोर इन्सुलिन उपचारांचा फायदा सिद्ध करणारा जो अमेरिका-कॅनडातील मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही काही रुग्णांचा पडदा पहिल्या काळात बिघडला होता. पुढील वर्षांत मात्र काटेकोर उपचार घेणाऱ्यांचे डोळे इतरांपेक्षा पुष्कळ सुरक्षित राहिले. सेमाग्लुटाइड या अशाच साप्ताहिक इंजेक्शनच्या ३,२९७ रुग्णांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, पडद्याच्या गंभीर गुंतागुंती औषध घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांत आणि न घेणाऱ्यांपैकी १.८ टक्क्यांत आढळल्या, आणि त्या बहुतांशी ज्यांना हा विकार आधीच होता त्यांच्यात होत्या. टिर्झेपटाइडच्या बाबतीत तर ज्यांच्या पडद्याचा विकार पुढच्या टप्प्याला गेला होता किंवा ज्यांना त्यासाठी तातडीच्या उपचारांची गरज होती, अशा रुग्णांमध्ये औषधाचा अभ्यास झालेला नाही, असे औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच नमूद आहे. तुमचा पडदा कसा आहे हे पाहिल्याशिवाय चाचण्यांतले आश्वासक आकडे तुम्हाला लागू होतात की नाही, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही.

तेव्हा बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्या. चष्म्याचा नंबर काढून येणे म्हणजे ही तपासणी नव्हे. पडदा स्वच्छ असेल किंवा बदल सौम्य असतील, तर औषध सुरू करण्यात या कारणाने अडचण राहणार नाही. बदल गंभीर निघाले, तर आधी डोळ्यांवर उपचार होतील आणि मग साखर बेताबेताने उतरवली जाईल. औषधाचे दार कायमचे बंद होते असे नाही. एवढे सगळे डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितले असते, तर तुमच्या मनात किल्मिष आले नसते. दवाखान्यातल्या गर्दीत नेमकी तीच दोन वाक्ये गाळण्याची खोड आम्हा मंडळींना आहे.

गाजावाजा ओसरेपर्यंत थांबावे का, हा प्रश्न थोडा अधिक विचार करण्याजोगा आहे. मधुमेहाच्या औषधासाठी झुंबड उडणे काही नवे नाही. टोरंटोमध्ये जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले, आणि बातमी पसरताच हताश आईवडिलांची विनवण्यांची पत्रे तिथल्या संशोधकांकडे येऊ लागली. त्यानंतर काही महिन्यांतच शुद्ध अर्क बनवण्याची कृती एकाएकी साधेनाशी झाली आणि पुरवठा आटला. त्या मुलांपुढे उपासमारीच्या आहाराखेरीज दुसरा मार्ग नव्हता, त्यामुळे त्यांच्या घरच्यांची घाई रास्त होती. तुमची परिस्थिती तशी नाही. तुमच्या साखरेसाठी आज, याच आठवड्यात वापरता येतील अशी अनेक औषधे उपलब्ध आहेत, त्यामुळे एका विशिष्ट औषधासाठी दोन महिने लागले तर ते सोसता येतील, एचबीए१सी ८.६ वर ठेवून काढलेले दोन महिने मात्र सोसू नयेत.

आणि गर्दी किती आहे, यावरून औषधाचा गुण कळत नाही. श्वासावाटे घ्यायच्या इन्सुलिनला २००६ मध्ये मोठ्या अपेक्षेने मान्यता मिळाली, पण मागणीच न आल्याने कंपनीने पुढच्याच वर्षी ते बाजारातून काढून घेतले. उलट १९९७ मध्ये आलेली ट्रोग्लिटाझोन ही गोळी अमेरिकेत लाखो लोकांनी घेतली आणि यकृताला गंभीर इजा झाल्याच्या घटनांमुळे मार्च २००० मध्ये ती तिथे मागे घ्यावी लागली. ब्रिटनमध्ये तर ती बाजारात आली त्याच वर्षी मागे घेतली गेली होती. याचे कारण साध्या गणितात आहे. तीन हजार लोकांच्या चाचणीत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो हजारात एकाला होत असण्याची शक्यता त्या चाचणीवरून पुसून टाकता येत नाही. लाखो लोक औषध घेऊ लागतात तेव्हाच तो नजरेस येतो. म्हणून अगदी कोऱ्या औषधाच्या बाबतीत, चालू उपचार चांगले लागू पडत असतील, तर थोडे मागे राहण्यात गैर काही नाही.

तुमच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. टिर्झेपटाइड तुमच्याकडे नवे असले, तरी अमेरिकेत त्याला मे २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि त्यानंतर फार मोठ्या संख्येने लोकांनी ते वापरले आहे. मधुमेहासोबत हृदयरक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या १३ हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची ड्युलाग्लुटाइड या प्रस्थापित इंजेक्शनशी तुलना झाली, आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचा एकत्रित विचार करता टिर्झेपटाइड त्याच्यापेक्षा निकृष्ट ठरले नाही, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. शिवाय तुमची साखर चालू गोळ्यांनी आटोक्यात नाही. ‘आधी इतरांना घेऊ दे, मग मी पाहीन’ असे म्हणत वर्षभर थांबण्यासारखी तुमची स्थिती नाही.

त्यापासून अपेक्षा काय ठेवावी, हे आता सांगतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्या १,८७९ रुग्णांच्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, सुरुवातीचे एचबीए१सी सरासरी ८.२८ होते, म्हणजे तुमच्या आसपासच. ४० आठवड्यांत टिर्झेपटाइडच्या निरनिराळ्या मात्रांनी ते २.०१ ते २.३० अंकांनी उतरले, तर सेमाग्लुटाइडच्या १ मिलिग्रॅमच्या मात्रेने १.८६ अंकांनी. ही घट भरीव आहे. वजनाबाबत मात्र जाऊबाईंशी तुलना करू नका. मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींमध्ये सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे २१ टक्के घटले, तर मधुमेह असलेल्यांमध्ये तेवढ्याच काळात सुमारे १५ टक्के. मधुमेहींचे वजन या औषधाने तुलनेने कमी उतरते. त्याचा अर्थ औषध लागू पडत नाही किंवा तुमचे काही चुकते आहे, असा होत नाही. एकाच घरातल्या दोघींनी काट्यावरचे आकडे एकमेकींना दाखवत बसणे, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत निरुपयोगी काम वाटते.

तुमच्या पत्रात मूत्रपिंडांचा आणि हृदयाचा काहीच उल्लेख नाही, आणि मला तोच सर्वांत जास्त खटकला. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि रक्तातील क्रिएटिनिन शेवटचे कधी तपासले? लघवीतून प्रथिन जात असेल किंवा हृदयाची क्षमता कमी झाली असेल, तर एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडांचे आणि हृदयाचे रक्षण होते, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही स्वागतिकेकडे नाव नोंदवावे लागत नाही. त्यांचेही दुष्परिणाम आहेत, जननेंद्रियाच्या भागातील बुरशीसंसर्ग हा नेहमीचा आणि कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लधर्मी होणे, हा क्वचित पण गंभीर. तरीही इंजेक्शन मिळेपर्यंतच्या काळात, आणि कदाचित त्यानंतरही, तुम्हाला अशी गोळी योग्य आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी ते सतत मिळेल याची खात्री करून घ्या. हे औषध आठवड्याला २.५ मिलिग्रॅमने सुरू करतात आणि चार आठवड्यांनी ५ मिलिग्रॅमवर नेतात. पहिली मात्रा पोटाला सवय व्हावी एवढ्यासाठीच असते. साखर खऱ्या अर्थाने आटोक्यात आणण्याचे काम ती करत नाही. पुढे गरज पडली तर प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे थांबून २.५ मिलिग्रॅमने वाढवत कमाल १५ मिलिग्रॅमपर्यंत जाता येते. मधेच काही आठवड्यांचा खंड पडला, तर पूर्वीच्याच मोठ्या मात्रेने पुन्हा सुरुवात केल्यास उलट्यांनी हैराण व्हायला होते, म्हणून बऱ्याचदा खालच्या पायरीवरून परत चढावे लागते. आणि खंड पडणे ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेच्या अधिकृत तुटवडा यादीत टिर्झेपटाइड डिसेंबर २०२२ पासून २०२४ च्या अखेरीपर्यंत होते. ब्रिटनमध्ये जुलै २०२३ मध्ये या प्रकारच्या औषधांचा इतका तुटवडा झाला, की डॉक्टरांना नव्या रुग्णांना ती सुरू करू नका, अशी सूचना द्यावी लागली. मधुमेही रुग्ण आणि केवळ वजन उतरवू पाहणारे लोक एकाच साठ्यातून औषध मागतात, हे त्याचे एक मोठे कारण. म्हणून औषधविक्रेत्याला पहिला पेन आहे का एवढेच विचारून थांबू नका. ५ आणि ७.५ मिलिग्रॅमचे पेन त्यांच्याकडे नियमित येतात का, हेही विचारा.

खर्चाचा हिशेबही वर्षानुवर्षांचा मांडा, आणि तो वरच्या मात्रेच्या किमतीने मांडा. औषध चालू असेपर्यंतच त्याचा परिणाम टिकतो. मधुमेह नसलेल्या लोकांच्या एका चाचणीत ३६ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरल्यानंतर काहींचे औषध त्यांच्या नकळत थांबवले गेले, आणि पुढच्या वर्षभरात त्यांचे वजन सरासरी १४ टक्क्यांनी पुन्हा वाढले. मधुमेहात वजनासोबत साखरही परत चढते. सहा महिन्यांनी पैशाअभावी सोडावे लागेल अशी स्थिती असेल, तर ते आत्ताच डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा मानू नका. त्यांना त्या मर्यादेत बसणारा टिकाऊ उपचार निवडता येईल.

भाच्याचा हेतू चांगला असला, तरी त्याच्या मार्गाने जाऊ नका. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की बनावट माल येतो. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडविषयी जगभर इशारा दिला. असा माल ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडला होता. ऑस्ट्रियात २०२३ मध्ये बनावट पेन टोचून घेतलेल्यांना साखर धोकादायक उतरल्याने रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि त्या पेनांमध्ये इन्सुलिन असावे, असा तिथल्या औषध नियंत्रकांचा निष्कर्ष होता. माल अस्सल असला, तरी हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये साठवावे लागते, आणि कुरियरच्या खोक्यात ते किती तापले हे पेनकडे पाहून कळत नाही.

जाऊबाईंनाही प्रेमाने नकार द्या. सुई बदलली तरी एकाचा पेन दुसऱ्याने वापरू नये, कारण रक्तातून पसरणारे संसर्ग पेनमधूनही जाऊ शकतात. शिवाय चार महिन्यांनंतर त्या बहुधा वरच्या मात्रेवर असतील. तीच मात्रा तुमचा पहिला डोस ठरली, तर त्यानंतरचे काही दिवस तुम्ही विसरणार नाही.

डॉक्टर बदलण्याचे कारण मला दिसत नाही. मागितल्याबरोबर औषध लिहून देणारे डॉक्टर शोधले तर सापडतील, पण तुमचा पडदा आणि तुमची ग्लिमेपिराइड या दोन्हींकडे त्यांचे लक्ष जाईलच असे नाही. त्याऐवजी स्वागतिकेच्या यादीपुरते न राहता डॉक्टरांशी स्वतंत्र वेळ घेऊन बोला. साठा कमी असताना नाव आधी कोणी नोंदवले यावर औषध वाटले जाणे मला गैर वाटते. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांची साखर दोन औषधांनंतरही चढी आहे आणि वजनही जास्त आहे, त्यांचा क्रम केवळ वजनासाठी घेणाऱ्यांच्या आधी लागला पाहिजे, आणि तुम्ही त्या गटात बसता. हे त्यांच्यासमोर स्पष्टपणे मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे.

त्या भेटीत न विचारताही काही गोष्टी सांगा. तुम्हाला किंवा जवळच्या नातेवाइकांपैकी कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग किंवा एकाधिक अंतःस्रावी ग्रंथींच्या गाठींचा आनुवंशिक विकार झाला असेल, तर हे औषध घेता येत नाही. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, पित्ताशयात खडे असतील, थोडेसे खाऊनही पोट तासन्तास भरल्यासारखे राहत असेल किंवा एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तेही सांगा, कारण हे औषध जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्याची कल्पना असावी लागते. मळमळ, उलट्या, जुलाब हे त्रास नेहमीचे असतात, मात्रा वाढवल्यावर अधिक जाणवतात आणि बहुतेकांना हळूहळू कमी होतात. लहान घास आणि भूक भागताच थांबणे याने बराच फरक पडतो. उलट्या थांबेनाशा झाल्या आणि पाणीही पोटात ठरेना, किंवा पोटात पाठीपर्यंत जाणारी तीव्र कळ आली, तर पुढचा डोस न घेता लगेच डॉक्टरांना गाठा.

इंजेक्शन सुरू होईल त्या दिवशी ग्लिमेपिराइडची नवी मात्रा कागदावर लिहून घ्या. पहिले दोन महिने, आणि पुढे मात्रा वाढेल तेव्हा तेव्हा, घरच्या यंत्रावर साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासा आणि आकडा ७० च्या खाली आला तर लगेच साखर घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पडद्याची पुढची तपासणी कधी करायची, ते नेत्रतज्ज्ञांकडून आत्ताच ठरवून घ्या, आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा तपासा.